बैलाची समाधी आणि तांदळाचं पाकीट

ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी सहा महिने फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरात होतो. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये तांदूळ शोधताना एक पाकीट हाती लागलं. त्यावर पांढरा घोडा पाण्यातून उधळत चाललेला. तांदळाच्या पाकिटावर शेत असावं, ओंबी असावी, घोडा कशाला? खाली नाव होतं, कामार्ग. तांदूळ जरा बुटका निघाला, पण वरणाशी जमला. मग दर पंधरवड्याला तेच पाकीट आणत राहिलो.

एक दिवस नकाशा उघडून पाहिलं तर कामार्ग माझ्या खोलीपासून तास-दीड तासावर. मार्सेलिस हे नाव आपल्याला सावरकरांच्या १९१० मधल्या उडीमुळे शाळेपासून पाठ असतं. त्या बंदराच्या पश्चिमेला, आल्प्समधून निघालेली ऱ्होन नदी भूमध्य समुद्राला मिळते. आर्ल शहराजवळ तिचे दोन फाटे होतात, थोरली ऱ्होन आणि धाकटी ऱ्होन. त्या दोघींच्या मधला त्रिकोण म्हणजे कामार्ग. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये तिथे जमीन कमी आणि पाणीच जास्त दिसतं: खाजणं, मिठागरं, मध्ये वाकारेस नावाचं मोठं खारं तळं.

मी अलिबागजवळच्या खारेपाटातला. नकाशावरचा तो करडा-हिरवा रंग मला ओळखीचा वाटला. रविवारी आर्लची गाडी पकडली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून

कामार्गमध्ये गुरांच्या आणि घोड्यांच्या कळपाला 'मनाद' म्हणतात. कळप, तो चरतो ती जमीन आणि तो सांभाळणारं घर, हे सगळं मिळून मनाद. मालक म्हणजे 'मनादिए' आणि घोड्यावरून गुरं राखणारा तो 'गार्दियां'. अशा शंभराहून जास्त मनादी आजही आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणी पाहुण्यांना पैसे घेऊन आत नेतात. मी गेलो तिथली मालकीण पन्नाशीची होती. तिने आम्हा दहा-बारा जणांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं आणि स्वतः घोड्यावरून पुढे निघाली.

जमीन तळहातासारखी सपाट. मध्येमध्ये मिठाची पांढरी खपली. खाऱ्या मातीत तग धरणारी बुटकी, जाड पानांची झुडपं. आणि त्यात उभे काळेभोर बैल. आपल्या खिल्लारपेक्षा अंगाने लहान, पण चपळ. शिंगं वर जाऊन किंचित आत वळलेली, एखाद्या तंतुवाद्याच्या चौकटीसारखी. ट्रॉली जवळ गेली तसे दोघे पुढे सरकले आणि आमच्यातल्या पोरांनी मोबाईल खाली घेतले.

घोडे मात्र पाकिटावरचेच. पण मालकिणीने एक गोष्ट सांगितली ती पाकिटावर नव्हती. हे घोडे जन्मतात तेव्हा काळे किंवा तपकिरी असतात. चार-पाच वर्षांत हळूहळू रंग उडत जातो आणि ते पांढरे होतात. आईच्या मागे उभं असलेलं काळं शिंगरू तिने दाखवलं नसतं तर ते दुसऱ्याच कुठल्या जातीचं वाटलं असतं.

गार्दियांच्या हातात लांब काठी, टोकाला तीन दातांचं लोखंड. तिने बैलाला भोसकत नाहीत, वळवतात. त्यांचं खोगीर मागून उंच असतं, रिकिबी पुढून पिंजऱ्यासारख्या बंद. जुनी झोपडी आम्ही बाहेरून पाहिली. बोरूचं छप्पर आणि उत्तरेकडची भिंत गोल, कारण उत्तरेकडून 'मिस्त्राल' नावाचा वारा सुटतो आणि गोल भिंतीला घासून तो बाजूने निघून जातो. चांगलं डिझाइन असंच असतं. अडचण एकदा नीट समजली की उत्तर साधं निघतं.

"हे सगळं किती जुनं?" मी विचारलं.

"पाचशे वर्षं," ती म्हणाली. मग हसून पुढे म्हणाली, "आणि शंभर वर्षं. कशाबद्दल विचारता त्यावर आहे."

परतीच्या गाडीत आणि पुढचे कित्येक रविवार मी या उत्तराचाच माग काढत होतो.

घोड्याचं पहिलं काम

पाचशे वर्षांचा दाखला पक्का आहे. आर्लमध्ये गार्दियां लोकांची संत जॉर्जच्या नावाची बिरादरी १५१२ साली स्थापन झाली आणि ती आजही चालू आहे. दर १ मे रोजी गार्दियां घोड्यांवरून आर्लमध्ये येतात, मिरवणूक निघते.

पण त्या काळी हे कळप पाळायचे कशासाठी? खेळासाठी नाही आणि पाहुण्यांसाठी तर नाहीच. बैल नांगराला. आणि घोड्यांचं वर्षातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम होतं मळणी. उन्हाळ्यात गहू कापला की घोड्या आणून खळ्यावर गोल फिरवायच्या. त्यांच्या टापांखाली दाणे सुटायचे. आपल्याकडे बैलांची पात धरायचे, तसंच. उरलेलं वर्ष घोड्या खाजणात मोकाट. त्यांना तबेला नाही, वैरण नाही; म्हणजे खर्चही नाही.

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेचे खांब एकेक करून पडले. मळणीयंत्र आलं आणि घोड्यांचं काम गेलं. १८५६ साली ऱ्होनला प्रचंड पूर आला. त्यानंतरच्या काही वर्षांत समुद्राच्या बाजूने बांध घातला गेला, नदीचे काठही बांधून काढले गेले. तोवर नदी आणि समुद्र हवं तेव्हा आत-बाहेर करायचे. आता पाणी कुठे आणि किती यायचं हे माणूस ठरवू लागला. त्याच सुमारास फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सभरचे द्राक्षमळे खाऊन टाकले. वाळूत आणि पाण्याने भरता येणाऱ्या जमिनीत ही कीड टिकत नाही, हे लक्षात आल्यावर लोक कामार्गमध्ये द्राक्षं लावायला धावले. चराईची जमीन आटली.

बैलांवर वेगळंच संकट होतं. स्पेनसारख्या झुंजींची फ्रान्सच्या दक्षिणेत क्रेझ वाढत होती. काही मनादिएंनी स्पॅनिश वळू आणून संकर सुरू केला. स्थानिक बैल चपळ होता, पण स्पॅनिश बैलाचं वजन त्याच्याकडे नव्हतं. संकर असाच चालू राहिला असता, तर आज मी पाहिला तो बैल उरला नसता.

आमच्या कामात अशा गोष्टीला लेगसी सिस्टीम म्हणतात. ज्या कामासाठी बांधली ते काम संपलेलं असतं, देखभालीचा खर्च तेवढा उरतो. अशी सिस्टीम एक तर बंद पडते किंवा तिला नवा वापरकर्ता मिळतो.

मार्की आणि त्याचा कळप

कामार्गला नवा वापरकर्ता मिळवून दिला तो एका मार्कीने, म्हणजे तिकडच्या सरदार घराण्यातल्या माणसाने. फोल्को द बारोन्सेली-जावों. जन्म १८६९. मूळ घराणं इटलीतल्या फ्लोरेन्सचं, पण पिढ्यान्‌पिढ्या फ्रान्सच्या दक्षिणेत स्थायिक झालेलं. आव्हिन्योंमध्ये वाडा. तिथे तो फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीच्या प्रभावाखाली आला. मिस्त्रालला पुढे १९०४ चं साहित्याचं नोबेल मिळालं, तेही फ्रेंचसाठी नाही, प्रोव्हान्साल भाषेतल्या लेखनासाठी. पॅरिसच्या फ्रेंचपुढे दक्षिणेची भाषा शाळेतून, कचेरीतून हद्दपार होत होती. मिस्त्राल आणि त्याचे मित्र ती वाचवू पाहत होते. बारोन्सेलीने त्यांचं वर्तमानपत्र चालवलं, त्या भाषेत कविता लिहिल्या.

मग त्याने असं काही केलं जे वाड्यातल्या माणसाकडून कुणी अपेक्षिलं नव्हतं. १८९० च्या दशकात तो समुद्रकाठच्या सांत-मारी-द-ला-मेर गावाजवळ येऊन राहिला आणि मनादिए झाला. स्पॅनिश रक्त नसलेला बैल निवडून निवडून वाढवायचा, हा त्याचा ध्यास. १९०४ मध्ये त्याच्या पुढाकाराने एक मंडळ निघालं, १९०९ पासून ते 'नासियून गार्दियानो' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आज गार्दियां म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो पोशाख येतो, काळं मखमली जाकीट, विशिष्ट कापडाची विजार, रंगीत सदरा, तो या मंडळाच्या काळात ठरत गेला. गावाच्या वेशीवर एक क्रूस आहे. त्याच्या टोकांना गार्दियांच्या काठीचे तीन दात, मध्ये हृदय, खाली नांगर. पर्यटकांना तो मध्ययुगीन वाटतो. प्रत्यक्षात बारोन्सेलीच्या सांगण्यावरून एर्मां-पॉल या चित्रकाराने तो १९२४ मध्ये आखला आणि १९२६ मध्ये तो उभा राहिला.

मालकिणीची "शंभर वर्षं" ही.

बारोन्सेलीचा आणखी एक किस्सा मला फार आवडतो. १९०५ मध्ये अमेरिकेतला बफेलो बिलचा 'वाइल्ड वेस्ट' तमाशा नीमला आला. त्यात लकोटा आदिवासी होते. बारोन्सेली त्यांना जाऊन भेटला आणि त्यांच्यातल्या जेकब व्हाइट आइज या माणसाशी पुढे पत्रव्यवहार ठेवला. आपली भाषा आणि आपली रीत दिल्ली-मुंबईवाले गिळतायत असं ज्याला वाटतं, त्याला जगाच्या दुसऱ्या टोकाचा हरलेला माणूसही भाऊ वाटू शकतो.

पण त्याच वेळी बारोन्सेली एक प्रतिमा उभी करत होता, आणि प्रतिमेला कॅमेरे लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामार्गमध्ये चक्क मूक वेस्टर्न चित्रपट काढले गेले. १९५३ साली आल्बेर लामोरीसचा 'पांढरी आयाळ' हा लघुपट आला, कानला बक्षीस मिळालं आणि तो घोडा जगभर पोचला. घोड्याच्या जातीला सरकारी मान्यता मिळायला मात्र १९७८ उजाडलं. माझ्या पाकिटावरचा घोडा असा आला होता.

बारोन्सेली १९४३ च्या डिसेंबरमध्ये वारला. त्याचं घर जर्मन सैन्याने आधी ताब्यात घेतलं आणि पुढच्या वर्षी उद्ध्वस्त केलं. १९५१ मध्ये त्याच्या अस्थी त्याच जागी आणून पुरल्या. अंत्ययात्रा जाताना बैलही बाजूने चालत आले, असं सांगतात.

पोस्टरवर बैलाचं नाव

कळपाला मिळालेलं नवं काम म्हणजे 'कूर्स कामार्गेझ', कामार्गची शर्यत. नाव शर्यत असलं तरी कुणी कुणाशी पळत नाही. बैलाच्या शिंगांना रिबिनी आणि दोरे बांधतात. पांढऱ्या कपड्यांतली पोरं हातात छोटा आकडा घेऊन पळत जातात, शिंगांमधली रिबीन काढतात आणि बैल मागे लागला की कठड्यावरून उडी मारतात. बैल चपळ असेल तर तोही उडी मारतो. पंधरा मिनिटांनी बैल घरी जातो. मारायचं नाही.

म्हणूनच इथला हिरो बैल आहे. पोस्टरवर त्याचं नाव मोठं, माणसांची लहान. वर्षाच्या शेवटी उत्तम बैलाला 'सोन्याचा बैल' हा किताब. ल काय्लार गावाच्या तोंडाशी 'सांग्लिए', म्हणजे रानडुक्कर, या बैलाची समाधी आहे. जन्म १९१६, मृत्यू १९३३. नामी बैलांना उभं पुरतात, तोंड समुद्राकडे करून, अशी तिथली रीत सांगतात.

समाधीपाशी उभा असताना मला आमच्या किनाऱ्यावरच्या बैलगाड्यांच्या शर्यती आठवल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. या सगळ्या वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर एकच वाद: परंपरा की क्रौर्य? ट्रॅक्टर आल्यावर बैलाला काय काम उरलं, हा प्रश्न त्यात क्वचित यायचा. कामार्गने त्याचं एक उत्तर दिलं आहे, पण तेही स्वच्छ नाही. रिंगणात चमकणारे बैल थोडे. बाकीच्या जनावरांचं मांस विकलं जातं. १९९६ पासून त्याला सरकारी दर्जाचं मानांकन आहे. मालकिणीने हे लपवलं नाही. "मी त्यांना विकते म्हणून मी त्यांना पाळू शकते," ती म्हणाली. आमच्या ट्रॉलीत शांतता पसरली. तिने घोडा पुढे काढला.

पाकिटावर नसलेली माणसं

आणि तांदूळ? तो राहिलाच.

मी मालकिणीला विचारलं तेव्हा तिने दूर, बांधापलीकडच्या भातखाचरांकडे बोट दाखवलं. "भात नसेल तर हे सगळं मीठ होईल."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. नदीला बांध घातला की पुराचं गोडं पाणी येत नाही आणि जमिनीखालचं खारं पाणी उन्हाने वर चढत राहतं. खाचरात नदीचं गोडं पाणी भरून ठेवलं की मीठ खाली दबतं. भात हे तिथे पीकही आहे आणि औषधही. खारेपाटात आम्ही वेगळं काय करतो? समुद्राकडून बांध, भरती-ओहोटीसाठी उघाडी, पावसाच्या पाण्याने जमीन धुवायची आणि भात घ्यायचा.

कामार्गमध्ये भाताचे प्रयोग जुने होते, पण त्याने नीट मूळ धरलं ते दुसऱ्या महायुद्धात. फ्रान्सने १९३९-४० मध्ये आपल्या ताब्यातल्या इंडोचायनामधून, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधून, सुमारे २०,००० माणसं कामगार म्हणून आणली. बहुतेक गरीब शेतकरी, बहुतेकांना जबरदस्तीने. दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी आणलेली ही माणसं फ्रान्स हरल्यावर अडकून पडली. परतीची जहाजं नाहीत. सरकारने त्यांना कामाला लावून दिलं, मोबदला नाममात्र. त्यांच्यातल्या काहीशे जणांना १९४१-४२ च्या सुमारास कामार्गला पाठवलं. देशात अन्नाची टंचाई होती आणि या माणसांना भात लावता येत होता. त्यांनी खाचरं केली, रोपं लावली, भात उभा केला. युद्धानंतर त्या पायावर भाताखालचं क्षेत्र वाढत गेलं आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ३०,००० हेक्टरपर्यंत पोचलं. आज ते निम्म्याहून कमी आहे. भात लावणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र घरी जायला १९५० चं दशक उजाडलं.

आर्ल शहराने त्यांचा जाहीर सन्मान केला २००९ मध्ये. सालां-द-जिरो या मिठागरांच्या गावात त्यांचं स्मारक झालं ऑक्टोबर २०१४ मध्ये. म्हणजे भात लावल्यापासून सत्तर वर्षांनी. तोवर ज्यांनी तो लावला त्यांच्यातले बहुतेक गेले होते.

मी तारखा एकाखाली एक लिहिल्या. बैलाची समाधी, १९३३. मार्कीची, १९५१. भात लावणाऱ्यांचं स्मारक, २०१४. यात बैलाचा दोष नाही आणि मार्कीचाही नाही. बारोन्सेलीने जे वाचवलं ते खरंच वाचवण्यासारखं होतं. पण आठवण ठेवायलाही कुणीतरी लागतं. मार्कीकडे शब्द होते, मित्र होते, मंडळ होतं. व्हिएतनामी मजुराकडे बराकीतला एक क्रमांक होता.

बांध कुणी घातला

१९३३ या सालाने मात्र मला सोडलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे चरीचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. संप सहा वर्षं चालला. माझे पणजोबा त्यात होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडे काही माहीत नाही. समुद्राला मागे हटवून केलेली ती जमीन खोताच्या नावावर होती. पुढे कुळकायद्याने काही एकर आमच्या नावावर झाली.

ती आता विकायची आहे. बांधाला खांड गेली, खारं पाणी आत आलं, अर्ध्या शेतात तिवरं वाढली. बाबांनी मला विचारलं होतं आणि मी मोंपेलिएहून एका ओळीत उत्तर पाठवलं होतं: विकून टाका, मेंटेनन्स परवडत नाही. आजही ते उत्तर चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. कामार्गचा बैल टिकला कारण त्याला नवं काम मिळालं. आमच्या शेताला नवं काम मिळेल असं दिसत नाही.

पण त्या रविवारी रात्री मी घरी व्हिडिओ कॉल केला आणि आजीला विचारलं, आपला बांध कुणी घातला? खांड गेली की घरटी एक माणूस जायचा ना, कोण कोण जायचं?

"कनाला रं तुला ही नावां?" आजी म्हणाली. पण सांगायला लागली. तिच्या सासऱ्यांपासून सुरुवात केली. मग शेजारचे, मग पलीकडच्या आळीतले, मग दोन बायका, ज्या चिखलाच्या पाट्या पुरुषांच्या बरोबरीने वाहायच्या. मध्येच अडायची, बाबांना विचारायची, परत सांगायची. मी फोनच्या नोट्समध्ये टाइप करत होतो.

तेवीस नावं झाली. मग ती म्हणाली, थांब, अजून आठवतील, उद्या कर फोन.